तांबड्या खाणीची खडी

१२ जानेवारी १८९०, रविवार

चर्चमधून घरी आलो तर बायको, टेक्ला, दारातच हसत सुटली. म्हणे माझ्या एका पायात हिरवा मोजा आणि दुसऱ्यात तपकिरी. "अख्ख्या गावासमोर असाच बसला होतास?" मी म्हटलं, दोन्ही ऊब देतात ना, मग झालं. बायकांना रंगांचं भारी कौतुक. लिंगनबेरी वेचायलाही ती मला नेत नाही, म्हणते तू निम्म्या कच्च्या आणतोस.

विशीत असताना रेल्वेच्या नोकरीसाठी गेलो होतो, तिथेही असलंच काहीतरी. साहेबाने पुढ्यात लोकरीच्या लडी ओतल्या आणि म्हणाला, जुळव. जुळवल्या. म्हणाला, घरी जा. आगगाडी काय लोकरीवर चालते? त्याला आपला कुणीतरी चिकटवायचा होता, दुसरं काय.

पण आजची बातमी मोठी आहे. सरोवरावरच्या सांडविकच्या धक्क्यावर येत्या मिडसमरला, जूनमधल्या सणाला, पहिली आगबोट लागणार, आणि त्या समारंभात आपल्या रस्त्याचा इतिहास मी लिहून वाचावा असं पाद्रीबुवांनी सगळ्यांदेखत सांगितलं. "रस्त्याचे मुकादमच ते, त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?" मी मान खाली घातली, पण मनातून फुगलो होतो हे इथे लिहायला हरकत नाही.

२६ जानेवारी

लिहिताना आज पाणचक्कीच्या पुलापर्यंत पोचलो. प्रत्यक्षात घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही.

आपला रस्ता लहानसा. चर्चची सकाळची घंटा होताना घोडा जुंपला तर दुपारच्या जेवणाला माणूस धक्क्यावर. पण इतिहास मोठा. चर्चपासून निघतो, खानावळीला वळसा घालतो, तीनदा वाहून गेलेला पूल ओलांडतो. पुढे दलदल. तिथे पूर्वी रस्ता सरळ होता. मग एका बिशपांची बग्गी चाकापर्यंत रुतली आणि बिशपांच्या तोंडून असे शब्द बाहेर पडले की पुढच्याच वर्षी रस्त्याने बाजूने जायचं ठरवलं. (पाद्रीबुवांना हे चालेल का, विचारायला हवं.) त्यानंतर कावळेचढ, आणि उतरलं की सरोवर.

रस्ता राजाचा, पण राखायचा शेतकऱ्यांनी. प्रत्येक शेताला त्याचा तुकडा वाटून दिलेला, तुकड्याच्या टोकाला शेताचं नाव कोरलेला दगड. पणजोबांच्या काळी चिठ्ठ्या टाकल्या आणि कावळेचढाचा वरचा भाग आमच्या ब्रेनाबू शेताच्या कपाळी आला. त्याला लागून खालचा शेजारच्या हुल्ट शेताचा. आम्ही खडी सरोवराच्या काठची आणतो, हुल्टवाले त्यांच्या मागच्या टेकडीतली. त्या खाणीला तांबडी खाण म्हणतात. नाव काय, कुणी काहीही ठेवतं. आमच्याकडे सोनदरी पण आहे, तिथे कुणाला सोनं सापडलंय?

टेक्ला विचारत होती, "खडी कधी आणणार?" म्हटलं, लिहितोय ना. "तुझ्या लिहिण्याने रस्त्यावर खडी पडते का?"

२ फेब्रुवारी, रविवार

मुकादम म्हणून आज रस्ताभर हिंडलो. हिवाळ्यात घसरगाडीवरून खडी आणून आपापल्या दगडापाशी ढीग लावायचा, बर्फ गेलं की पसरायची, आणि मे महिन्यात सरकारी अंमलदार लान्समनसाहेब पाहणीला आले की त्यांनी काठी खुपसून जाडी मोजायची. ज्याची कमी भरेल त्याचं नाव चर्चमध्ये वाचतात. लोहार माल्करचा ढीग बघून मी म्हटलं, "हा ढीग आहे की उंदराचं बीळ?" तो म्हणाला, "तुमचा कुठाय, मुकादम?" म्हटलं, येतोय.

सगळ्यात उंच ढीग हुल्टच्या ब्रिटाबाईंचा. योनास, तिचा नवरा, गेल्या पानगळीत वारला. एकटीने घोडा हाकून, फावडं मारून एवढी खडी ओढली. हात फाटलेत. तिचं शेत हवेलीच्या मालकीचं, तिच्याकडे खंडाने. करार मिडसमरला संपतो, आणि हवेलीचा कारभारी आतापासूनच बोलतोय की बाईमाणसाला हुल्ट झेपायचं नाही.

"हा ढीग दाखवीन त्याला," ब्रिटाबाई म्हणाली. "मग बोल म्हणावं."

मी म्हटलं, शाबास. मनापासून म्हटलं.

१३ फेब्रुवारी

हे लिहू की नको, असं करत दौत दोनदा उघडली आणि बंद केली.

दुपारी सरोवराच्या काठून खडीची एक खेप घेऊन चढावर आलो. माझ्या ढिगाकडे बघून मलाच कसंतरी झालं. लिहिण्यात महिना गेला, घोडी लंगडतेय, आणि लोकांना ढिगांवरून बोलणारा मुकादम तो मीच. बर्फ पडत होतं. चिटपाखरू नव्हतं. पलीकडे ब्रिटाबाईंचा ढीग, पांढरा, माझ्या ढिगासारखाच पांढरा. बर्फाखाली सगळे ढीग सारखेच.

पहारीने तो फोडून तीन घसरगाड्या भरून इकडे आणल्या. मग आणखी दोन. तिचा ढीग वरून बर्फ ओढून पुन्हा नीट केला.

चोरी नाही. उसनी घेतली. बर्फ आहे तोवर काठावरून आणून परत टाकीन, तिला कळणारही नाही. तिला विचारून घेता आली असती. पण मुकादमाने विधवेकडे खडी मागायची?

रात्रीचं जेवण गेलं नाही. टेक्लाला सांगितलं, हेरिंग मासा खारट झालाय. ती म्हणाली, नेहमीचाच आहे.

२५ फेब्रुवारी

तीन दिवस पाऊस. फेब्रुवारीत पाऊस! काठाचं बर्फ सुटलं, सगळा चिखल. घसरगाडी तर नाहीच, चाकाची गाडीही तिकडे जाणार नाही. परत टाकायची ती खडी आता पाण्यापलीकडे आहे.

मी देवाकडे थंडी मागतोय. एवढ्या वर्षांत कधी मागितली नव्हती.

१४ एप्रिल

खडी पसरली. दोन दिवस फावडं मारलं आणि मान वर केली नाही. काम मात्र झकास झालंय, जाडजूड.

माल्कर गाडीवरून चालला होता. थांबला. रस्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काय मुकादम, यंदा तुमच्या वाट्याच्या गालांवर लाली चढलीय!"

मी म्हटलं, "वसंतातलं ऊन आहे, सगळ्यांनाच चढते."

तो आधी नुसता बघत राहिला, मग मांडीवर थाप मारून हसला. "वा! मानलं तुम्हाला." आणि गेला.

कौतुक होतं ते. पण मला उगाच वाटत राहिलं की माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसतंय. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. घरी येऊन आरशात पाहिलं. काही नाही.

२२ एप्रिल

आज मी जे बोललो ते आठवून अंगाची आग होते.

ब्रिटाबाई तिच्या तुकड्यावर खडी पसरत होती. बर्फ गेल्यावर ढीग केवढासा निघाला, ते तिने पाहिलं होतंच. मला बाजूने जायचं होतं. न बोलता गेलो असतो तर संशय आला असता. म्हणून टोपी काढली आणि म्हणालो, "ब्रिटाबाई, खडी जरा कमी दिसते यंदा."

तिने फावडं टेकवलं. माझ्या रस्त्याकडे बघितलं, सावकाश, वरच्या टोकापासून खालपर्यंत. मग माझ्याकडे.

"हो ना," ती म्हणाली. "कुठे गेली, कोण जाणे."

"पावसाने वाहिली असेल."

"वाहिली. पण चढावर वाहिली, मुकादम. पाणी खालून वर गेलं यंदा."

मी हसलो. देवा, मी हसलो! काय करावं ते सुचेना म्हणून. ती हसली नाही.

घोडा नाही तिच्याकडे आता. बियाण्यासाठी विकला. म्हणजे पुन्हा खाणीतून आणायची सोयही नाही.

६ मे

ठरवलं, निदान जमेल तेवढी परत करायची. काठ वाळलाय. तीन दिवस पहाटे, सगळे उठायच्या आधी, एकेक गाडी आणून तिच्या तुकड्यावर पसरतोय. घोडीचा पाय अजून बरा नाही, यापेक्षा जास्त ओढवत नाही तिला. उजाडायच्या आत घरी. कुणी पाहिलेलं नाही.

आज पहाटे हुल्टच्या दगडावर लाकडी वाडगा होता. गरम खीर, वर लोण्याचा गोळा. आपल्याकडे नाताळात गोठ्यातल्या बुटक्या राखणदाराला ठेवतात ना, तशीच. मे महिन्यात! बिचारीला वाटतंय, बुटकाच खडी टाकून जातो. गहिवरून आलं. भूकही लागली होती. खाल्ली.

दुपारी खानावळीत ती मोठ्याने सांगत होती, "आमचा बुटका गुणी आहे हो. दुसऱ्यांचे बुटके शेजाऱ्याचं चोरून मालकाला आणून देतात, आमचा शेजारच्या घरून आणून देतो. आणि माल पण बघा कसा, करडा करडा, काठचा."

सगळे हसले. मीही हसलो, म्हणजे वेगळं दिसायला नको. माल्कर माझ्याकडे बघून म्हणाला, "मांजर डोळे मिटून दूध पितं." कुठली म्हण कुठे! पण माझ्या मिशीला लोणी होतं की काय, म्हणून मी हळूच पुसलं.

२० मे, मंगळवार

पाहणी झाली.

लान्समन नवे आहेत, दक्षिणेकडून बदलून आलेले, तरुण, स्वच्छ बूट. सोबत हवेलीचा कारभारी. आमच्या तुकड्यात काठी खुपसली आणि म्हणाले, "उत्तम. मुकादमाचा रस्ता असाच हवा." मागे लोक उभे होते. कुणी तरी खोकलं.

मग हुल्ट. खानावळीतल्या त्या दिवसानंतर तिकडे एकही गाडी न्यायचा धीर मला झाला नव्हता, आणि आधीच्या तीन पुरल्या नव्हत्या. काठी टेकताच खाली माती लागली. लान्समननी दोन-चार ठिकाणी बघितलं. सगळीकडे तेच.

"कारण काय, बाई?"

ब्रिटाबाई पाठ ताठ करून उभी होती. मला वाटलं, आता रडेल, किंवा पावसाचं सांगेल. ती म्हणाली, "खडी होती, साहेब. मुकादमांनी स्वतः पाहिली होती. फेब्रुवारीत मला शाबास म्हणाले होते. विचारा त्यांना."

लान्समन माझ्याकडे वळले. सगळेच वळले.

मी म्हणालो, "ढीग बर्फाखाली होता. बर्फ किती, खडी किती, सांगता येत नाही."

कारभाऱ्याने मान हलवली, जणू त्याला हवं तेच मिळालं. लान्समननी लिहिलं: हुल्ट, अपुरी. खाली मुकादम म्हणून मी सही करायची होती. केली. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतंय.

आठ जूनला नाव वाचणार. त्यानंतर करार कोण देणार तिला?

१ जून

इतिहास पुरा करायला बसलो. "कावळेचढावरील वाटे शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या इमानाने राखले," इथवर आलो. मग तो कागद चुलीत टाकला.

टेक्लाने विचारलं, "इमानाने हा शब्द जळला का नीट?" तिला काय माहीत मी काय लिहिलं होतं! विचारलं तर म्हणाली, "मोठ्याने वाचत लिहितोस तू." हल्ली ती माझ्याशी फारसं बोलत नाही. चर्चमध्येही बाकावर जरा अंतर ठेवून बसते. गेले काही महिने मी तिच्याकडेही लक्ष दिलं नाही, त्याची लाज वाटते. तिला बिचारीला काहीच ठाऊक नाही.

हुल्टवरून गेलो. ब्रिटाबाई भांडी गवतात गुंडाळून खोक्यात भरत होती. मी डोंगराकडे बघत गेलो.

८ जून, रविवार

प्रवचन झालं. पाद्रीबुवांनी कागद घेतला. जन्म, लग्नं, हरवलेली मेंढी. मग: "वसंतातल्या रस्तापाहणीत अपुरी खडी, शेत हुल्ट."

पुढच्या बाकावर कारभारी. पलीकडे ब्रिटाबाई, योनासच्या जागेशेजारी, ती जागा तिने अजून मोकळीच ठेवलीय. तिने मान खाली घातली नाही. घातली असती तर कदाचित मी बसून राहिलो असतो.

मी उठलो. म्हणालो, "ती खडी माझ्या वाट्यावर आहे. फेब्रुवारीत मी तिच्या ढिगातून पाच गाड्या ओढल्या. पाहणीत खोटं बोललो. सही खोटी आहे."

मला वाटलं होतं, छप्पर कोसळेल. बायका किंचाळतील. काही नाही. कुणी मानसुद्धा वळवली नाही. मग मागून माल्करचा आवाज, "ते दिसतंयच की, मुकादम. एप्रिलपासून."

आणि एक म्हातारी म्हणाली, "हं. बोलला एकदाचा."

मला काही कळेना. पाद्रीबुवा मात्र कारभाऱ्याकडे बघून म्हणाले, "आता कागदावर काय लिहायचं ते तुम्हाला ऐकू आलं ना?" तो पुटपुटला, कागदावर मुकादमाची सही होती, आपण काय करणार, आता मुकादमच फिरले तर हुल्टबद्दल आपली तक्रार नाही. पाद्रीबुवांनी तिथेच कागदावर रेघ मारली.

बाहेर ब्रिटाबाईंच्या पुढे टोपी हातात धरून उभा राहिलो. म्हणालो, "चार महिने लाजेने मेलोय मी."

"लाजेने?" तिचा आवाज चढला. "तुम्ही? माझी लाल खडी स्वतःच्या वाट्यावर पसरलीत, उघड्यावर, दिवसाढवळ्या. दगडाच्या अलीकडे करडं, पलीकडे लालभडक, आंधळ्यालाही दिसेल. आणि वर टोपी काढून मला विचारता, खडी कमी दिसते? मला वाटलं, हा माणूस दाखवतोय मला. की मी मुकादम आहे, घेतली, काय करायचं ते कर. अख्ख्या गावाला तेच वाटलं. म्हणून कुणी बोललं नाही. कोडग्याशी कोण बोलणार?"

"लाल?" मी म्हणालो.

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे काही विचारलं नाही.

९ जून

सकाळी टेक्लाने टेबलावर दोन खडे ठेवले. "यातला हुल्टचा कुठला?"

मी उचलून बघितले, उन्हात धरले. एक जरा गुळगुळीत होता. "हा."

ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, "मोजे. लिंगनबेऱ्या. लोकरीच्या लडी. अरे देवा, एलोफ! मला वाटत होतं, तू मुद्दाम करतोयस. मला तुझ्या शेजारी बसायची शरम वाटत होती." आणि ती रडायला लागली, मग रडता रडता हसायला. तेव्हा मला कळलं की तिलाही सगळं माहीत होतं, आणि ज्या लाजेला मी माझी एकट्याची समजत होतो ती तिने गावात माझ्याहून जास्त भोगली. मला निदान लपल्याचं समाधान होतं.

डोळे पुसून म्हणाली, "लोकांना सांग ना. डोळ्यांचा दोष आहे म्हणावं. कोडगा तरी म्हणणार नाहीत."

दिवसभर विचार केला. घराबाहेर पडलोसुद्धा, माल्करच्या भट्टीपर्यंत. तिथूनच परत आलो. काय सांगू? मला रंग दिसत नाही, म्हणजे काय? दिसला असता तर चोरी केली नसती असं थोडंच आहे. दिसला असता तर वरून काठची खडी टाकून नीट झाकली असती. एवढाच फरक.

११ जून

हुल्टला गेलो. म्हणालो, सगळी खडी खरवडून परत टाकतो, वर माझी दुप्पट. ब्रिटाबाई खोक्यातून भांडी काढून फळीवर लावत होती.

"माझ्या तुकड्यावर पाच गाड्या टाका. काठची चालेल. पण तुमच्यावरची काढू नका."

"का?"

"कशाला काढायची? नवा कायदा येतोय म्हणतात, वाटे जातील, नावांचे दगड उपटतील. लाल राहू दे. चढताना लोक विचारतील." तिने एक बशी पुसली. "आणि त्या दिवशीचा वाडगा आणून द्या. खीर आवडली का?"

"आवडली," म्हणालो. मला जमिनीत जावंसं वाटलं.

मुकादमी सोडल्याचं पाद्रीबुवांना सांगितलं. इतिहासही दुसऱ्या कुणी वाचावा म्हटलं. ते म्हणाले, "नाही. तुम्हीच वाचायचा, कावळेचढासकट."

२४ जून, मिडसमर

वाचला. बिशपांच्या बग्गीपाशी सगळे हसले. कावळेचढाशी आलो तेव्हा धक्क्यावर लाटांचा आवाज तेवढा होता. लिहिलं होतं तसंच वाचलं: "इथे ब्रेनाबूच्या दगडापासून हुल्टच्या दगडापर्यंत रस्ता लाल आहे. ही खडी हुल्टची. सन १८९० च्या हिवाळ्यात मुकादम एलोफ याने ती चोरली." कुणी टाळी वाजवली नाही, आणि ते बरंच झालं. ब्रिटाबाई समोरच होती. ती एकदाच मान हलवून कॉफी ओतायला गेली. तिच्या खिशात नवा करार होता, माल्करने सांगितलं.

मग आगबोट लागली. शहरातल्या लोकांना चर्च बघायचं होतं, गाड्या कमी पडल्या म्हणून मलाही घोडी जुंपावी लागली. मागे एक तरुण बाई छत्री घेऊन बसली होती. चढावर ती एकदम ओरडली, "अहो गाडीवान, थांबवा जरा! हा रस्ता इथेच कसा लाल?"

मी गाडी थांबवली. तोंडाशी डोळ्यांची गोष्ट आली होती. ती परक्या गावची, तिला सांगायला काय हरकत होती?

म्हणालो, "शेजारणीची खडी आहे, बाई. मी चोरली होती."

ती गोंधळली. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाली, "पण दिसते किती सुंदर! नाही?"

मी खाली बघितलं. खडी होती. खडीसारखी खडी.

"दिसत असेल," म्हणालो, आणि घोडीला हाकललं.